आचलच्या हातांचा नवस

टाकळी, ता. देवळी
१२ नोव्हेंबर २०२४

इहीनबाई,

टाकळीहून मंदाचा नमस्कार. प्रभाकररावालेबी सांगजा.

तुम्ही म्हणसान, घरात फोन असून ही बुढी कागद काऊन खराब करून राह्यली. कानाचं कारण आहे. फोन लावला का कानातली मशीन शिट्टी मारते, अन् मशीन काढली तर तुमचं बोलणं डब्यात चणे हलवल्यावानी येते. दुसरं म्हणजे फोन ज्ञानेश्वरचा, तो बाजूले उभाच राह्यते. पोरापुढे दोन इहीनींच्या गोष्टी होत नाईत. माझी अक्षरं चौथी पास आहेत. तुम्ही एकतीस वर्षं मास्तरीण होत्या, फक्त लाल पेन घेऊन बसू नका म्हणजे झालं.

भाऊबीजेपासून आचल तुमच्याकडे आहे. जयाची नोकरी बुटीबोरीले, सिंदीहून गाडीनं जानं सोपं, शनिवारी पोरीले वर्ध्याच्या थेरपीच्या सेंटरात न्याले पण सिंदीच सोपी, हे सगळं मले समजते. सून माझी शहाणी आहे, तिच्यावर राग नाई. फक्त घर मोठं झाल्यावानी वाटते. साडेचार वर्षांची पोरगी, बोलणं सारं चार शब्दांचं, पानी, दे, आबा अन् टाटा, तरी घर भरून राह्यचं.

आता ज्याच्यासाठी लिहाले बसली ते सांगतो. ते तिचं हात फडफडवणं. शेतात मोटार सुरू झाली अन् टाक्यात धडधड पानी पडलं का पोरगी चवड्यावर उभी होते अन् दोन्ही हात खांद्यापासून सुरू. थांबतच नाई. पानी पानी पानी म्हणते अन् हात हलवते. झाकण फिरवते, घराच्या खांबाभोवती चकरा मारते, ते वेगळं. डॉक्टरनं स्वमग्नता म्हणून नाव सांगतलं, अशा लेकराईले तेच तेच करा वाटते म्हणे. मी म्हटलं, असंल. मले तर ते पाहून बरंच वाटे.

पण दिवाळीच्या आधी पुतण्याच्या साक्षगंधाले गेलतो. बॅण्ड वाजला, पोरीचे हात सुरू झाले. तिथं एक बाई म्हणे, मंदाबाई, नात उडून गेली तर कुठं पाहसान. सगळ्या हासल्या. मीबी हासली इहीनबाई. तेच मले लागलं. जयाचं तोंड उतरलं अन् मी त्याईच्या संग हासली.

म्हणून मी केळझरच्या गणपतीले गेली. म्हटलं, देवा, पोरीचे हात शांत कर, सव्वा मण कणकीचे रोडगे भाजून अख्ख्या टाकळीले जेवू घालतो. हे ज्ञानेश्वरले माहीत नाई, जयाले नाई, आमच्या बुढ्यालेबी नाई. तुमाले सांगतलं. हात थांबले का कळवजा.

शेजारच्या बकरीनं सांबाराचा, म्हणजे तुमच्या कोथिंबिरीचा, अर्धा वाफा खाल्ला. बाकी बरं आहे.

तुमची
मंदा

*

सिंदी (रेल्वे)
२१ नोव्हेंबर २०२४

सौ. मंदाबाईंना अन्नपूर्णाचा नमस्कार.

पोस्टमनने माझ्या नावाचं पत्र आणून दिलं तेव्हा आधी वाटलं, पेन्शनच्या कार्यालयातून काही आलं. तुमचं अक्षर पाहून फार बरं वाटलं. लाल पेन कपाटात ठेवलं आहे, निश्चिंत असा. माझ्या शाळेच्या शिस्तीमुळे घरात आजही सगळे कामापुरतं बोलतात. तुमच्या पत्रातली बकरी मी यांना दोनदा वाचून दाखवली.

आचल ठीक आहे. सकाळी सहाला उठते, आईला फाटकापर्यंत सोडते, मग दिवसभर माझ्याजवळ. हात हलवणं आहेच. सिंदीला तर रेल्वे आहे; गाडीचा आवाज आला की सुरू. रस्त्यावरून जाणारे थांबून बघतात.

सेंटरमधल्या आकांक्षा मॅडम म्हणतात, हात हलू द्या, ते केव्हा हलतात तेवढं वहीत लिहून ठेवा. मॅडम हुशार आहेत, गोड बोलतात. पण त्यांच्या वयापेक्षा माझी नोकरी मोठी आहे. एकेका वर्गात साठ साठ मुलं सांभाळली मी. पहिलीत रडत आलेलं, खिडकीतून उडी मारून पळालेलं, पाटी फोडणारं, सगळ्यांना वळण लागलं. एकही मूल तसंच पुढे ढकललं नाही.

तुमच्या नवसाचं कोणाला बोलणार नाही. साक्षगंधात तुम्ही हसलात याचं मनाला लावून घेऊ नका, चारचौघींत माणूस हसतं. तुमचा गणपती त्याचं काम करील. थोडी मदत लागली तर ती मी करीन.

आपली
अन्नपूर्णा

*

टाकळी
४ डिसेंबर २०२४

इहीनबाई,

तुमचं पत्र आलं, मी ते तीनदा वाचलं. एकदा मनात, एकदा मोठ्यानं, एकदा आमच्या बुढ्याले. नवसाची ओळ आली का खोकून घेतलं.

तुमच्यासारखी शिकलेली बाई पोरीजवळ आहे, हे माझं केवढं नशीब. आमच्या घरी कोण शिकवणार तिले, इथं सगळे वांगे तोडाले जातात. मी तिले घास भरवू शकतो, न्हाऊ घालू शकतो, पण वळण लावनं मले जमत नाई. ज्ञानेश्वरलेबी नाई लागलं, पाहता ना तुम्ही, अजून चप्पल दारात आडवी टाकते.

त्याच्या गाडीवर वांग्याची थैली पाठवून राह्यली. काटेरी आहेत, पण लोण्यावानी शिजतात. पालकाची जुडी वरतून ठेवली, ती आधी वापरा.

मदत कोणती करसान ते मी विचारत नाई. मास्तरणीले काय विचारावं.

मंदा

*

सिंदी (रेल्वे)
२२ डिसेंबर २०२४

मंदाबाई,

आनंदाची बातमी आहे, म्हणून आधी तीच लिहिते. आज दहा दिवस झाले, आचलचे हात हललेले नाहीत.

काल तर माझी भाची मुलांना घेऊन आली होती. घरात इतका गलका, तरी आचल माझ्या शेजारी बारा मिनिटं शांत बसली. मी घड्याळ लावून पाहिलं. दारावरून गाडी गेली, तरी हात जागचे हलले नाहीत. भाची म्हणाली, आत्या, ही तर अगदी समजूतदार झाली. मंदाबाई, निवृत्तीच्या दिवशी मला शाल-श्रीफळ मिळालं तेव्हाही इतकं बरं वाटलं नव्हतं.

यांनी फोटो काढला होता, तो स्टेशनजवळच्या दुकानातून छापून आणला. सोबत ठेवला आहे. बघा कशी हाताची घडी घालून बसली आहे. आता न सांगता बसते. तोंडावर बोटही स्वतःच ठेवते.

नवस फेडायच्या तयारीला लागा.

आपली
अन्नपूर्णा

*

टाकळी
२८ डिसेंबर २०२४

इहीनबाई,

देव पावला. तुमच्या तोंडात साखर पडो म्हणाव तर तुमाले शुगर आहे, म्हणून वांग्याची अजून एक थैली पाठवतो.

मी फोटो देवाजवळ ठेवला. मंग वाटलं उंदरं कुरतडतीन, म्हणून काढून कपाटाच्या आरशात खोचला. आमच्या बुढ्याले आता सांगून टाकलं नवसाचं. ते म्हणे, सव्वा मण बोलाची काय गरज होती, सव्वा पायलीत देव ऐकत नाई का. पण खूश आहेत. लगेच गोवऱ्या मोजाले गेले. तानबाले सांगतलं का रोडगे भाजाची जागा साफ कर. तानबा आमच्या शेतात वीस वर्षांपासून आहे, घरच्यासारखाच. तो म्हणे, काकू, मी आतापासून उपाशी राह्यतो.

जेवण २६ जानेवारीले, रविवार आहे, जयालेबी सुट्टी. पण त्याच्या आधी संक्रांतीले आचलले दोन दिवस पाठवजा. मले तिले पाह्याचं आहे. हलव्याच्या दागिन्याईत नाई बसवत, घाबरजा नको, लेकराले टोचते.

इहीनबाई, तुमचे उपकार मी कुठं फेडू. तुमच्या घरी मोलकरीण होऊन राह्यली तरी फिटत नाईत.

एक विचारतो. फोटोत पोरगी माझ्याकडे पाहून नाई राह्यली, ते ठीक आहे, ती कोणाकडेच पाहत नाई. पण ती पानी म्हणते ना? मोटारीचं पानी तिथं नाई, पण नळाचं तर आहे. अन् आबा म्हणते का? बुढा विचारत होता. त्यानं विचारलं असं सांगजा नको, तो नाई म्हणते.

मंदा

*

टाकळी
१६ जानेवारी २०२५

इहीनबाई,

संक्रांतीच्या शुभेच्छा. तिळगूळ ज्ञानेश्वरच्या हाती धाडला, भेटला असंल.

हे पत्र मी दोन दिवसांपासून लिहून राह्यली. लिहितो अन् थांबतो.

आचल आली. गाडीवरून उतरली अन् अंगणात उभी राह्यली, हाताची घडी घालून. मी म्हटलं, किती शहाणी झाली माझी बाई. शेजारच्या पाहाले आल्या. त्या म्हणे, मंदाबाई, देवानं ऐकलं हो. मी सगळ्याईले चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी तिले शेतात नेलं. लाइन आली, तानबानं मोटार लावली, टाक्यात पानी पडलं. पोरगी चवड्यावर झाली. मी पाहत होती. तिचे हात वर निंगाले, इतकेच, कोपरापर्यंत. मंग तिनंच आपल्या एका हातानं दुसरा हात धरला अन् खाली ओढला. घडी घातली. एक बोट तोंडावर ठेवलं. अन् तशीच पान्याकडे पाहत राह्यली. पानी म्हटलं नाई तिनं. डोळ्यातून पानी आलं, आवाज नाई आला.

तानबानं मोटार बंद केली. मी सांगतलं नव्हतं.

रात्री तिले कपडे घालताना पाह्यलं तर त्या बोटाले दातांचे वण आहेत. दोन दिवसांत ती आबा म्हणाली नाई, दे म्हणाली नाई. आमच्या बुढ्यानं तिच्यापुढे गूळ धरला, तिनं आधी हाताची घडी घातली अन् मंग तोंड उघडलं.

इहीनबाई, मी तुमाले दोष देऊन राह्यली असं समजू नका. मागणं माझं होतं. मी देवाले म्हटलं हात शांत कर, हात शांत झाले. पण मले खरं सांगा, हे कसं झालं. २६ तारखेचं जेवण मी पुढे ढकललं. गावात सांगतलं, वांगे कमी आहेत. वांगे झाडाले लदबद आहेत, रोज तोडून राह्यलो.

तुमची
मंदा

*

सिंदी (रेल्वे)
२२ जानेवारी २०२५

मंदाबाई,

तुम्ही दोष दिला नाहीत, म्हणून हे पत्र लिहिणं जास्त अवघड जात आहे.

मदत म्हणजे मी काय केलं ते सांगते. आचलचे हात हलले की मी म्हणायचे, हाताची घडी. तिचे हात धरून घडी घालायचे. तोंडाने आवाज काढला की तोंडावर बोट. तिने घडी घातली की राजगिऱ्याच्या वडीचा तुकडा द्यायचे. नाही घातली तर वडी डब्यात परत. पहिल्या दिवशी पन्नास वेळा झालं असेल. ती रडायची. मी मनात म्हणायचे, सगळी रडतात, मग शिकतात. तीन आठवड्यांत शिकली. जयाला मी सांगितलं नाही, ती घरात असताना करायची नाही. मॅडमनी वही मागितली तेव्हा मी लिहिलं, हात हलणं आपोआप कमी होत आहे.

तुमचं पत्र आल्यावर मी ते जयाला वाचायला दिलं. तिने वाचलं आणि आचलचं बोट हातात घेऊन पाहिलं. भांडली असती तर बरं झालं असतं. शनिवारी ती मला सेंटरमध्ये घेऊन गेली.

आकांक्षा मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी मला खुर्ची दिली आणि विचारलं, आजी, तुम्हाला खूप आनंद झाला की तुम्ही काय करता? मी म्हटलं, काही नाही, हसते, कोणाला तरी सांगते. त्या म्हणाल्या, आचलला सांगता येत नाही, तिचं ते सांगणं हातात आहे. आनंद झाला की हात, भीती वाटली की हात, गलका जास्त झाला तरी हात. स्वतःला इजा होत असेल तर थांबवायचं, त्याला दुसरी वाट काढून द्यायची. पण हे तर कोणाला लागत नव्हतं. बंद केलं म्हणून आतलं संपत नाही, ते दुसरीकडून निघतं. ते बोटावर निघालं. आणि आजी, बोलायला शिकणाऱ्या मुलीच्या तोंडावर आपण बोट ठेवलं, असं त्या म्हणाल्या.

मंदाबाई, एकतीस वर्षं मी मुलांना गप्प बसवलं आणि पगार घेतला. ही एकच मुलगी होती, जिला बोलतं करायचं होतं.

तुम्ही लिहिलं होतं, पानी म्हणते ना. त्या ओळीचं उत्तर मी दिलं नव्हतं. तेव्हाच मला माहीत होतं.

आता घडीला वडी देणं बंद आहे, पण ती घालते. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले की माझ्याकडे पाहून घालते. मला बघितल्यावर. आमच्या घरात तिने माझ्यापासून दूर राहावं असं मला वाटतं, आणि जाईल कुठे.

तुम्ही मला क्षमा करा असं लिहिणार होते, पण ते तुम्ही लगेच कराल हे मला ठाऊक आहे, म्हणून लिहीत नाही.

अन्नपूर्णा

*

टाकळी
२९ जानेवारी २०२५

इहीनबाई,

तुमचं पत्र वाचून मी आधी रडली, मंग भाकरी केल्या, मंग परत वाचलं. तुम्ही खरं लिहिलं, याचा मले केवढा आधार झाला ते माझ्या चौथीच्या अक्षरात मावत नाई. तुम्ही देव पावला म्हणून गप्प राह्यल्या असत्या तर मी रोडगे खाऊन ढेकर दिली असती अन् पोरीचं बोट तसंच राह्यलं असतं.

सोमवारी मी केळझरले गेली. देवळीहून वर्धा, वर्ध्याहून केळझर, दोन बसा बदलून. नवस परत घ्याले. बसमध्ये बाजूच्या बाईनं विचारलं, नवस फेडाले चालल्या का. म्हटलं, नाई, वापस कराले. ती म्हणे, असं होते का. म्हटलं, साडी वापस होते, नवस काऊन नाई. पण चढ चढताना मले धाक वाटत होता. आजवर कोणी देवाले, तू दिलेलं घेऊन जा, म्हटलेलं मी ऐकलं नाई.

मी उभी राह्यली अन् म्हटलं, देवा, माझं मागणं चुकलं. मले चारचौघीत लाज वाटली होती, अन् मी नाव पोरीच्या हाताचं घेतलं. माझी लाज घेऊन जा, तिचे हात दे. रोडगे तितकेच देतो, कमी नाई करत. मांगं लाइन लागली होती, एक बुवा म्हणे, मावशी, सरका. म्हटलं, बावा, जरा हिशोब बदलून राह्यली, थांब.

घरी आली तं हलकं वाटलं. आता देवाचं काम देवाकडे, आपलं आपल्याकडे. जयानं मॅडमचं म्हणणं ज्ञानेश्वरले फोनवर सांगतलं, त्यानं मले माझ्या कानात ओरडून सांगतलं, का लेकरू जे करते ते तिच्यासंग बसून आपणबी करा. म्हणून मी शेतात सराव करून राह्यली. वांग्याच्या ओळीत उभी राहून हात फडफडवले. तानबा म्हणे, काकू, पाखरं हाकलून राह्यल्या का. म्हटलं, बोलावून राह्यली.

आता ऐका. आचलले इकडे आणा, अन् तुम्हीबी या. दूर राह्याचं बोलू नका. पोरीले तुमाले पाहून घडी आठवते तर तिले तुमाले पाहूनच दुसरं काही आठवलं पाह्यजे, ते तुम्ही सिंदीत अन् ती टाकळीत राहून कसं होईन. खाट टाकून ठेवली. क्षमेचं तुम्ही बरोबर ओळखलं.

मंदा

*

सिंदी (रेल्वे)
२१ फेब्रुवारी २०२५

मंदाबाई,

काल सुखरूप पोचले. यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सोमवारी आहे, नाहीतर आले नसते. आचल तुमच्याकडे आहे, जया शनिवार-रविवारी येईल आणि वर्ध्याला तुम्हीच न्याल, हे सगळ्यात योग्य झालं.

तुमच्या घरी सतरा दिवस राहिले. साठ वर्षांच्या आयुष्यात मी पहिल्यांदा शेताच्या बांधावर उभी राहून हात हलवले. पहिल्या दिवशी आधी चारही बाजूंना पाहून घेतलं, कोणी माजी विद्यार्थी तर नाही ना. तुम्ही इतक्या हसलात की तुमची कानातली मशीन पडली आणि आपण तिघी ती मातीत शोधत बसलो. मला वाटतं, आचल त्या वेळी जरा जवळ सरकली होती. वाटतं म्हणते, खात्री नाही.

हात परत आलेले मी पाहिले नाहीत. परवा मी न्हाणीतून आले तेव्हा तिने माझ्याकडे पाहून घडी घातली. मग मीही तिच्यासमोर हात मोकळे सोडून बसले. बराच वेळ. तिची घडी सुटली नाही. पण उठून गेली नाही.

तुम्ही मला एकदाही टोचून बोलला नाहीत. तुमच्या भांड्यांनी, खाटेने, तानबाने, कोणीच नाही. ते कसं जमतं हे मला शिकवा.

काही झालं तर कळवा. काही झालं नाही तरी कळवा.

अन्नपूर्णा

*

टाकळी
११ मार्च २०२५

इहीनबाई,

बसून वाचजा. प्रभाकररावाच्या डोळ्यात औषध टाकून मंग वाचजा, नाहीतर ते तसेच राह्यतीन.

गेल्या मंगळवारी शेवटच्या वेचणीचा कापूस घरी आला. आपला कापूस तो किती, दीड एकराचा, पण मधल्या खोलीत कमरेइतका ढीग झाला. तानबा डोक्यावरचं गाठोडं उलटं करून राह्यला होता अन् आचल दारात होती, घडी घालून. गाठोडं सुटलं, कापूस ढगावानी खाली आला, अन् एक पुंजका उडून तिच्या केसाले चिकटला. ती ढिगाजवळ गेली. पाय ठेवला, पाय आत गेला. दुसरा ठेवला. मंग धपकन बसली अन् गळ्यापर्यंत बुडाली. घाबरली का काय म्हणून मी पुढे सरकली, तानबानं मले हाताच्या खुणेनं थांबवलं.

इहीनबाई, कापसातून दोन हात वर आले. आधी एक, मंग दुसरा. अन् सुरू. असे फडफडले, असे फडफडले का सगळ्या खोलीत कापूस उडाला, माझ्या नाकात गेला, देवाच्या कोनाड्यात गेला. अन् तोंडातून आवाज. शब्द नाई, लांब आवाज, ईईई म्हणून. मी तिच्या बाजूले ढिगात जाऊन बसली अन् मीबी हात हलवले. बुढा धावत आला, त्याले वाटलं साप निंगाला. ते पाहत राह्यले अन् मंग पागोट्यानं डोळे पुसले. ते म्हणतात, कापूस गेला डोळ्यात.

त्या दिवशी तिनं चार वेळा ते केलं. आम्ही कापूस विकाले नेत नाई आहोत अजून. व्यापारी विचारून गेला, बुढा म्हणे, पोरगी मोकळी होऊ दे.

आता सगळं बरं झालं असं लिहिन तर खोटं होईन. घडी अजून घालते, दिवसातून पाच-सहा वेळा. बोट अजून तोंडाकडे जाते, पण वण भरून आले. मॅडम म्हणे, वेळ लागेल, पण वाट उघडली. अन् शुक्रवारी टाक्याजवळ ती पानी म्हणाली. एकदाच. मी तिले परत म्हणाले लावलं नाई. एक पुरे.

मंग मी रोडग्याचं जेवण रविवारी करून टाकलं. प्रभाकररावाच्या डोळ्याच्या ऑपरेशनमुळे तुमाले बोलावता आलं नाई, पण देवाले मी शब्द दिला होता अन् वांग्याचा हंगाम संपत आला होता. सव्वा मणाचे रोडगे, गोवऱ्याच्या आरात भाजले, वांग्याची भाजी, वरण, अन् तूप तुमच्या जयानं वाढलं. पोरगी पंगतीच्या टोकाले बसली होती. वाफ निंगाली का हात, भांडं वाजलं का हात. सगळ्या गावासमोर. साक्षगंधातली ती बाईबी आली होती. तिनं विचारलं, मंदाबाई, हात तर पोरीचे पहिल्यावानीच चालू आहेत, मंग नवस कोणता फेडून राह्यल्या.

म्हटलं, हातच मागतले होते. भेटले.

ती म्हणे, हात तर होतेच तिले.

म्हटलं, होते. पण माझ्या लाजेनं बांधून ठेवले होते. बाई, रोडगा घ्या अजून, तूप थंडं होते.

तिनं पत्रावळ पुढे केली. दोन रोडगे खाल्ले तिनं. मी हासली नाई अन् मले लाजबी नाई वाटली. जया माझ्याकडे पाहत होती. तिनं मले तूप वाढताना माझ्या हातावर हात ठेवला, तुपाचा चमचा तसाच राह्यला.

इहीनबाई, मी तुमचे उपकार परत सांगतो, अन् आता खरे सांगतो. तुम्ही पोरीले गप्प केलं, हे खरं. पण तुम्ही आपल्या तोंडानं ते सांगतलं, या वयात बांधावर उभं राहून हात हलवले, हे किती जणी करतीन. माझ्या लाजेचं मीच तुमाले आधी सांगतलं म्हणून तुम्ही मदत कराले गेल्या. अर्धं माझं आहे. अर्ध्या अर्ध्यानं वाटून घेऊ, दोघी आजी आहो.

पंगतीत एक पत्रावळ तुमच्या नावानं वाढून ठेवली होती. ती तानबानं खाल्ली, म्हणे वाया जाईन. प्रभाकररावाच्या डोळ्याचं आटोपलं का या, कापूस अजून आठ दिवस ठेवतो.

तुमची
मंदा